पिनअण्णा

अण्णांच्या दुकानात उधारी चालते. फुकटचा सल्ला चालतो. दुसऱ्याच्या दुकानात घेतलेला आणि तिथंच बिघडवून घेतलेला माल दुरुस्तीला आणला तरी चालतो. चालत नाही तो एकच प्रश्न : ‘अण्णा, एक पिन जास्त वापरली तर चालेल काय?’ हे कानावर पडलं की अण्णा सोल्डर गन स्टँडवर ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारणाऱ्याच्या घराण्याची चौकशी सुरू करतात. ‘बाबा काय करतात रे तुझे? माग हाय काय? किती हाईत? मग त्या घरात तू असा उधळ्या कसा निघालास?’

पिन म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा पाय. चिपेला जगाचं काही ऐकायचं असेल तर या पायांतून, जगाला काही सांगायचं असेल तरी याच पायांतून. अण्णा ‘पाय’च म्हणतात. ‘पिन’ म्हटलं की त्यांना साडीची आठवते, आणि साडीच्या पिना आमच्या वडगावात कितीही खर्च झाल्या तरी त्यांची हरकत नाही.

अण्णा कंजूस नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. पैशाच्या बाबतीत ते इतके ढिले आहेत की गिऱ्हाईक स्वतःहून बाकी द्यायला आलं तर ‘कसली रे?’ म्हणून विचारतात. आलेल्या-गेलेल्याला चहा असतो, सणावाराला कुंदा असतो. त्यांची सगळी काटकसर या पायांपाशी येऊन साचली आहे. एक पाय वाचवायला ते मूठभर रेझिस्टर, दोन संध्याकाळी आणि पाच-सहा चहा सहज घालवतात. हा हिशेब काकूंकडे असतो, कारण चहा काकू करतात.

‘वाचवलेल्या पायांचं तुम्ही करता तरी काय?’ असं त्यांनी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, ‘राहतील की. लागतील.’ लग्नाला तीस वर्षं झाली, अजून लागलेले नाहीत.

वडगाव म्हणजे बेळगावातला मागांचा भाग. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा पट्टा साडी विणून जगला. गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी खटाखट येत असते आणि नवख्या माणसाला वाटतं की घरं आपल्यालाच काहीतरी सांगतायत. त्या आवाजातच अण्णांचं दुकान आहे. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यायचा नियम आला तेव्हा उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी, इंग्रजी, फोन नंबर आणि मंगाईदेवीचा फोटो बसवून वर दोन बोटं जागा शिल्लक ठेवणारा गल्लीतला हा एकटाच माणूस. ती दोन बोटं जागा अजून मोकळी आहे. लागेल.

१९९८ साली व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, बेळगावात आलं आणि इंजिनिअरिंगच्या पोरांचा ओघ अण्णांच्या दुकानाकडे वळला. पोरगं दारात येतं ते बहुधा ८०५१ घेऊन. इंटेलने १९८० मध्ये काढलेली ही चिप. चाळीस पायांची, त्यातले बत्तीस आपल्या कामाला मोकळे. तिला सोळा बटणांचा कीपॅड जोडायचा असतो. एका बटणाला एक पाय असा हिशेब केला तर सोळा पाय गेले. पोरगं तेवढं शिकलेलं असतं. ते छाती काढून सांगतं, ‘आठांत बसवलंय अण्णा, मॅट्रिक्स करून.’

‘आठ?’ अण्णा म्हणतात. म्हणायची पद्धत अशी की पोरगं आपोआप चपला काढून उभं राहतं.

मग त्याला समोरच्या शेडच्या दारात नेलं जातं. ‘माग बघितलाईस न्हवं? ह्यो उभा ताणा. ह्यो आडवा बाणा. तुझ्या कीपॅडच्या पोटात हेच हाय. उभ्या चार तारा, आडव्या चार तारा, छेदायच्या जागा सोळा. बटण दाबलं की तेवढीच गाठ बसती.’ चिप काय करते, तर पहिल्या आडव्या तारेवरचा दाब शून्यावर आणते आणि चारही उभ्या तारांकडे बघते, कुणाचा दाब पडला काय. मग दुसरी तार, तिसरी, चौथी, आणि पुन्हा पहिली. आपलं बोट बटणावर सेकंदाचा दहावा हिस्सा टेकलं तरी तेवढ्यात तिच्या कितीतरी फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. एवढ्या घाईचा तोटाही आहे. बटणातले दोन पत्रे एकमेकांना भिडताना काही मिलिसेकंद थरथरतात, आणि चिपेला वाटतं बटण पाच-सात वेळा दाबलं. म्हणून वीसेक मिलिसेकंद थांबून पुन्हा बघायचं. ‘माणसाचं बोट खरं बोलायला वीस मिलिसेकंद घेतंय,’ अण्णा म्हणतात, ‘तोंडाचं काय ते तुझं तू बघ.’

पोरं हुशार असतात. एखादं विचारतं की चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची तीन बटणं एकदम दाबली तर न दाबलेलं चौथंही दाबल्यासारखं दिसतं, त्याचं काय? प्रश्न बरोबर आहे. वीज त्या तिघांतून वळसा घालून चौथ्याच्या तारेपर्यंत पोचते. पुस्तकातलं उत्तर असं की प्रत्येक बटणाला एक डायोड लावा. अण्णांचं उत्तर त्याहून स्वस्त आहे. ‘तीन बटणं एकदम दाबायचं कामच काय? हार्मोनियम हाय काय ती? एक-एक दाब.’

हे दुकानातलं झालं. घरात त्यांनी याहून पुढची मजल मारली आहे. अण्णांच्या घराला दारावरची बेल एकच, बटण एकच, आणि राहणारी बिऱ्हाडं दोन : खाली अण्णा-काकू, वर भाडेकरू. दुसऱ्या कुणी दुसरी बेल लावली असती. अण्णांनी वेळ वाटून दिली. बटण थोडं दाबलं तर अण्णा, लांब दाबलं तर काकू, दोनदा थोडं-थोडं दाबलं तर वरचे. आत तीन वेगळे आवाज निघतात. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ आहे. सकाळचा दूधवाला मात्र कुणाच्या शिकवण्याने लांब दाबत नाही. त्याचं बोट एकदा बटणाला टेकलं की निघतच नाही. चूल-दूध काकूंच्या खात्यात येत असल्यामुळे त्याच्यापुरतं बरोबर बसतं. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दोनदा दाबतो आणि वरचे भाडेकरू खाली येऊन काकूंना बोलावतात. आषाढात मंगाईच्या यात्रेला पाव्हणे येतात तेव्हा तर प्रत्येकाचं बोट वेगळ्या गावचं असतं. त्या दिवशी घरातले सगळेच दारात उभे राहतात, म्हणजे प्रश्नच नको.

अण्णांचं दैवत विचाराल तर जुना बटणांचा टेलिफोन. अमेरिकेत बेल कंपनीने तो १९६३ मध्ये लोकांना दिला. त्यात आडव्या प्रत्येक रांगेला एक सूर आणि उभ्या प्रत्येक रांगेला एक सूर दिलेला असतो. एक दाबला की ६९७ आणि १२०९ हर्ट्झ असे दोन सूर एकदम निघतात, आणि पलीकडचं एक्सचेंज त्यावरून आकडा ओळखतं. सोळा बटणांना सूर आठच, आणि जायला तारा दोनच. ‘दोन!’ अण्णा दोन बोटं वर करतात आणि डोळे मिटतात. पुढे याच सुरांवर शेतातले पंप चालू-बंद करायची सोय झाली. पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं ‘नॅनो गणेश’ त्यातलंच. रात्री-अपरात्री वीज आली की शेतकऱ्याने अंथरुणातूनच मोबाईल लावायचा आणि पंप सुरू करायचा. अण्णांना पंपाचं फारसं सोयरसुतक नाही. त्यांना कौतुक आहे ते त्या टेलिफोनच्या चौथ्या उभ्या रांगेचं. ए, बी, सी, डी ही चार बटणं अमेरिकी लष्कराच्या फोनवर तातडीच्या कॉलसाठी होती. घरगुती फोनवर ती आलीच नाहीत. आपल्या बाजारात मिळणाऱ्या सोळा बटणांच्या कीपॅडवर मात्र ती बसलेली आहेत आणि कुणाला त्यांचं काय करायचं ते कळत नाही. ‘फुकट बसून खायलीत,’ असं अण्णा त्यांच्याविषयी म्हणत. हे वाक्य त्यांना पुढे महागात पडलं, ते येतंच.

पुण्यात नोकरीला असलेला भाचा दिवाळीला आला तेव्हा मामासाठी रास्पबेरी पाय कंपनीचा पिको बोर्ड घेऊन आला. वापरायला सव्वीस पाय, किंमत पोरांच्या एका हॉटेलच्या बिलापेक्षा कमी. अण्णांनी बोर्ड तळहातावर घेतला, दोन्ही कडांचे पाय बोटाने मोजले आणि भाच्याकडे असं बघितलं की त्याला आपण चूक बायको करून आणली की काय असं वाटलं.

‘एवढ्यांना कामाला काय लावू?’

‘लावायलाच पाहिजे असं कुठंय मामा? मोकळे राहू देत.’

‘मोकळा पाय उघडा सोडायचा नसतोय. हवेतलं काय पण ओढून घेतोय आणि चिपेचं डोकं फिरवतोय. एक तर कामाला लाव, न्हाईतर बांधून घाल.’ तांत्रिकदृष्ट्या हे खरं आहे, आणि अण्णांशी वाद घालण्यातली अडचण हीच की त्यांचं वेड प्रत्येक वेळी पुस्तकात सापडतं. बोर्ड देव्हाऱ्याखालच्या फळीवर गेला. दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लागतं.

असं असताना गल्लीतला एक मागवाला त्यांच्याकडे आला. चार माग, साडीचा धंदा. त्याला एक खोका पाहिजे होता. आकडा टाकायचा, माग सुरू करायचा, आणि बाण्याचे तेवढे धागे पडले की माग आपला आपण थांबला पाहिजे. हिशेब साधा होता. इंचाला पंचावन्न धागे धरले तर सहावारी साडीला म्हणजे साडेपाच मीटरला बारा हजारांच्या आसपास धागे लागतात, नऊवारीला अठरा हजारांच्या. पोरं गप्पांत रंगली की माग पुढे धावतो, म्हणून मोजणी पाहिजे.

अण्णांनी या कामाला चिप काढली ती एटी-टायनी ८५. हिला पाय आठ. दोन विजेला जातात, एक रिसेटचा. राहिले पाच. धोट्याची फेरी मोजायला एक, माग थांबवणाऱ्या रिलेला एक, डिस्प्लेला दोन. म्हणजे सोळा बटणांच्या कीपॅडला उरला बरोबर एक. त्या रात्री अण्णा जेवताना ताटात बघून हसत होते, असं काकू सांगतात.

रिसेटचा पाय घेता आला असता काय? येतो. चिपेच्या आतली एक खूण बदलली की तो पाय साध्या कामाला मिळतो. पण मग नेहमीच्या प्रोग्रामरला ती चिप दार उघडत नाही, बारा व्होल्टचा वेगळा इलाज करावा लागतो. अण्णांनी तो मोह पूर्वी केलेला आहे. त्या मोहातून कुलूप पडलेल्या चिपा कुंद्याच्या एका रिकाम्या डब्यात आहेत. डबा त्यांनी काकूंच्या नजरेला पडणार नाही अशा ठिकाणी ठेवला आहे आणि काकूंना ते ठिकाण माहीत आहे.

भाच्याने फोनवर दुसरा मार्ग सुचवला. पीसीएफ ८५७४ नावाची चिप घ्या, तिला आठ पाय मिळतात, कीपॅड तिच्यावर चढवा आणि ती डिस्प्लेच्या त्याच दोन तारांवर बसवा. पत्ता वेगळा असतो, भांडण होत नाही. एकही जादा पाय लागत नाही. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. ‘म्हणजे आठ पाय लागलेच की,’ ते म्हणाले. ‘माझ्या घरात न्हाईत तर शेजारच्या घरात. त्याला बचत म्हणत न्हाईत, त्याला उसनवारी म्हणतात.’ आणि फोन ठेवला.

त्यांनी केलं ते असं. कीपॅडच्या आडव्या तारा ४.७ किलो-ओहमच्या तीन रेझिस्टरांनी एकमेकींना जोडल्या. उभ्या तारा एक-एक किलो-ओहमच्या तीन रेझिस्टरांनी. एका टोकाला पाच व्होल्ट, दुसरं टोक चिपेच्या पायाला, आणि त्या पायापासून जमिनीला दहा किलो-ओहम. आता कुठलंही बटण दाबलं तरी वीज वेगवेगळा अडथळा पार करून येते आणि पायाशी वेगळा दाब पडतो. चिप तो ० ते १०२३ या मापात मोजते. मोजायचं माप त्याच पाच व्होल्टांवरून घेतल्यामुळे हेस्कॉमची वीज थोडी वर-खाली झाली तरी बटणाचा आकडा हलत नाही. सात रेझिस्टर, एक पाय, सोळा बटणं. खरं सांगायचं तर मला यातलं फार कळत नाही, पण अण्णांनी तो खोका उघडून दाखवला तेव्हा कुणीतरी छान अक्षरात लिहिलेलं बघितल्यासारखं वाटलं.

खोका बसवला आणि दुसऱ्या दिवशी मागवाला परत आला.

‘अण्णा, अर्धा सेंटिमीटर विणून माग थांबतोय. बाहुलीची पण साडी होत न्हाई ह्यात.’

झालं होतं असं, की ते आकडे सारख्या अंतरावर पडत नाहीत. पहिल्या बटणाला १०२३, दुसऱ्याला ९३०. मध्ये ऐसपैस जागा. पण अडथळा वाढत जातो तसे पुढचे आकडे एकमेकांच्या अंगावर येतात. शेवटच्या रांगेत स्टार ४२४ वर, शून्य ४०८ वर, हॅश ३९२ वर. बाकीचे तीन माग चालू असताना त्यांच्या मोटरींनी हा आकडा दहा-बारांनी नाचायचा, की शून्याचा हॅश झाला. आणि हॅश म्हणजे ‘सुरू’. माणूस बारा हजार टाकायला जायचा. एक, दोन आणि पहिलं शून्य दाबलं की माग बारा धाग्यांच्या हुकमावर निघायचा. मिनिटाला शंभर-सव्वाशे धाग्यांनी चालणारा माग तो. सहा-सात सेकंदांत साडी पूर्ण.

अण्णांनी साखळी उलटी केली. खालची रांग ऐसपैस जागेत आली, वरची रांग दाटीत गेली. आता एकाचा दोन व्हायला लागला. बारा हजारांचे बावीस हजार झाले आणि मागाने दहा मीटरच्या वर साडी विणली. मागवाल्याने ती दुकानाच्या फळीवर आणून टाकली. ‘ही नेसणारी बाई वडगावात अजून जन्माला यायची हाय.’

या टप्प्यावर दुसऱ्या कुणीही एक पाय वाढवला असता. अण्णांनी पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, एकदा मोजण्याऐवजी अनेकदा मोजून सरासरी काढली. नाच बराच कमी झाला. पण दाटी दाटीच राहिली, आणि अण्णांना झोप लागेना. तिसऱ्या रात्री ते अंथरुणातून उठून बसले. काकूंनी घाबरून विचारलं, काय होतंय. अण्णा म्हणाले, ‘ती चौघं!’

सकाळी त्यांनी मोठे रेझिस्टर उभ्या तारांत आणि लहान आडव्या तारांत घातले. एवढ्या अदलाबदलीने दाटीची सगळी जागा चौथ्या उभ्या रांगेवर गेली. ४२४, ४०८, ३९२, ३७७ : ए, बी, सी, डी. फुकट बसून खाणारे चौघे तिकडे कोपऱ्यात एकमेकांच्या मांडीवर बसले, आणि आकडे सगळे हातपाय पसरून मोकळे झाले. ‘स्वल्प अडजस्ट माड्रि,’ अण्णा त्या चार बटणांना कन्नडातून म्हणाले. माग बारा हजारांवर थांबला. पायही वाढला नाही. आठवडाभर अण्णा गल्लीतून असे चालले की लोकांना वाटलं पोरीला स्थळ मिळालं.

आठवड्याने मागवाला हसतमुखाने आला. त्याची तक्रार काही नव्हती, कौतुकच होतं. फक्त एक छोटी गोष्ट.

‘अण्णा, पोरांना दर साडीला पाच आकडे दाबायचा कंटाळा येतोय. ती ए, बी, सी, डी रिकामीच बसलीत न्हवं? ए ला सहावारी करून टाका, बी ला नऊवारी. एक दाबलं की काम झालं.’

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. सगळ्या कीपॅडवर दाटीची चारच बटणं होती, आणि आता दिवसभर दाबली जाणार होती ती तीच. फळीवरचा पिको बोर्ड सव्वीस पाय घेऊन तयार होता. कुंद्याचा डबाही होता. मागवाल्याने भोळेपणाने विचारलं, ‘नसंल जमत तर मोठी चिप घाला की. दोन पैसे जास्त देतो.’

‘जमतंय,’ अण्णा म्हणाले. त्यांनी दाराकडे बघितलं, बेलच्या बटणाकडे बघितलं, आणि चेहरा उजळला. ‘ए-बीला हात लावायचा न्हाई. एक थोडा दाबला तर एक. एक लांब दाबला तर सहावारी. दोन लांब दाबला तर नऊवारी. पोरांना सांग फक्त, आकडा टाकताना बोट पटकन उचलायचं.’

मागवाला खूश होऊन खोका काखेत मारून गेला. काकू चहाचे कप उचलायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, त्या मागांवर हल्ली कामाला कोण असतं.

दूधवाल्याचा थोरला.